ते वीस हजार लपवू नका

(पत्र संक्षिप्त केलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

"ताई, नमस्कार. माझी धाकटी बहीण २२ वर्षांची आहे. बारावीनंतर घरीच शिलाईकाम करायची. दिवाळी झाल्यावर आईच्या नात्यातली एक मामी तिला पुण्याला घेऊन गेली. पॅकिंगच्या कंपनीत काम आहे, महिना पंधरा हजार, राहायची सोय आहे, असं सांगितलं होतं. महिनाभर फोन येत होते, मग कमी झाले. दीड महिन्यापूर्वी पोलीस ठाण्यातून फोन आला की एका लॉजवर धाड पडली, त्यात ती सापडली. आता तिला एका संस्थेत ठेवलंय. आम्ही दोनदा गेलो, एकदाच भेटू दिलं, तेही दहा मिनिटं. कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात.

मामी आत आहे. तिचा मुलगा घरी येऊन गेला. म्हणतो, मुलगी स्वखुशीने गेली, मामीचा संबंध नाही, असं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. मग आमचाच वकील तिला पंधरा दिवसांत बाहेर काढेल, वर एक लाख देऊ. नाहीतर तुमच्या बहिणीवरच केस होईल आणि पेपरात नाव येईल. बहिणीनेही तिथे कुठल्या तरी कागदावर सही केलीय म्हणे.

अजून एक. हे पोलिसांना सांगितलेलं नाही. नेताना मामीने आईला वीस हजार दिले होते, उचल म्हणून. दहा हातात, दहा माझ्या फोनपेवर. त्यातून घरावरचे पत्रे बदलले. हे बाहेर आलं तर आई आत जाईल का?

भेटीत बहीण काही बोललीच नाही. शेवटी एवढंच विचारलं, माझं मशीन आहे का. अशा वेळी हिला मशीनचं सुचतं. लवकर घरी आणून लग्न लावून द्यायचं ठरवलंय. काय करू?"

भाऊ,

त्या स्टॅम्प पेपरवर कुणीही सही करायची नाही. तुम्ही नाही, आईनेही नाही. आणि पुढच्या भेटीत बहिणीची सही घेऊन येण्याचा तर विचारही नको. बाकीचं सावकाश बोलू.

मामीच्या मुलाला पंधरा दिवसांत कुणाला बाहेर काढता येत असतं, तर त्याने आधी स्वतःची आई काढली असती. त्याला तुमच्याकडून कागद हवाय कारण त्याच्याकडे दुसरं काही नाही. हा गुन्हा दोन घरांनी बसून मिटवण्यातला नाही. खटला सरकार चालवतं आणि कायद्याने त्यात तडजोडीला जागा ठेवलेली नाही. तुमच्या कागदाने केस बंद होणार नाही, पण तो कागद दाखवून मामीचा वकील जामीन मागेल. पुढे तुमची आई साक्षीला उभी राहिली की तोच कागद तिच्यासमोर धरून विचारेल, "बाई, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?" हा प्रश्न ऐकून चांगल्या धीराच्या बायका गप्प झालेल्या मी पाहिल्या आहेत.

तो पुन्हा येईल. आला तर ओट्यावरच बसवा आणि शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून घ्या. कधी आला, काय म्हणाला, ते त्याच रात्री वहीत लिहा. मग तपास अधिकाऱ्याच्या नावाने साधा अर्ज करा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय पोलीस ठाण्याची पायरी उतरायची नाही. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. धमक्या वाढल्या तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो आणि तो साक्षीदाराच्या घरच्यांनाही करता येतो.

"आमचाच वकील" हे तर मुळीच नको. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली, प्रेरणा या संस्थेच्या याचिकेवर, स्पष्ट सांगितलंय की कुंटणखाना चालवणाऱ्याच्या किंवा दलालाच्या बाजूने उभा राहणारा वकील त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलीसाठी उभा राहू शकत नाही. असा आदेश द्यावा लागला, यावरून तेव्हा काय चालत होतं ते समजा. आजही चालतं, फक्त समोर दुसऱ्या वकिलाचं नाव असतं आणि फी तीच माणसं भरतात. तुमच्या बहिणीचा वकील तिचा एकटीचा हवा आणि तो फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, आणि अपव्यापाराच्या, म्हणजे माणसांच्या खरेदी-विक्रीच्या, बळींचा उल्लेख तर वेगळा केलेला आहे. १५१०० वर फोन करा, किंवा पुण्याला जाल तेव्हा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा. अर्ज तिच्या नावाने करायचा, तुमच्या नाही.

आता त्या वीस हजारांचं. तुमच्या पत्रात हे शेवटून दुसरं आलंय, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही ज्या गोष्टीची लाज बाळगताय, ती मामीविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा आहे. न्याय संहितेचं कलम १४३ काढून बघा. जुन्या दंड संहितेतलं ३७० तेच, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला. शोषणासाठी माणसाला कामावर घेणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं हा गुन्हा कोणकोणत्या मार्गांनी होतो, ते त्यात लिहिलंय. धमकी, जबरदस्ती, पळवणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर. आणि शेवटी प्रलोभन. त्या प्रलोभनातच, ज्याचं त्या व्यक्तीवर नियंत्रण आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे देणं-घेणं, असं शब्दांत लिहिलेलं आहे. पोरीला नेताना आईच्या हातावर उचल ठेवायची, ही रीत कायदा लिहिणाऱ्यांना चांगली ठाऊक होती. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो म्हणून आपल्याकडे त्या शब्दाचं कुणाला काही वाटत नाही. मामीने नेमका त्याचाच फायदा घेतला.

आईला काय होईल? मुलगी पॅकिंगला चाललीय असं समजून, अडचण होती म्हणून तिने पैसे घेतले असतील, तर तिने गुन्हा केलेला नाही. गुन्ह्याला हेतू लागतो, निदान माहिती तरी. ती कुठे चाललीय याची आईला कुणकुण होती का, हे तुम्हालाच ठाऊक. असेल तर तेही आधी वकिलाला सांगा. मी इथे बसून आईला निर्दोष ठरवू शकत नाही. पण लपवण्यात शहाणपण नाही. दहा हजार फोनपेने आले आहेत, म्हणजे त्याची नोंद बँकेत आहे आणि मामीचा मोबाइल पोलिसांकडे असणार. शिवाय कोर्टाच्या आदेशावरून घर कसं आहे ते बघायला, म्हणजे गृहचौकशीला, बाई येतील तेव्हा घरावरचे नवे पत्रे त्यांना दिसणारच आहेत. तुमच्या तोंडून निघालं तर तो पुरावा. त्यांनी शोधून काढलं तर संशय, आणि मग बहिणीला तुमच्याकडे सोपवायला कोर्ट तयार होणार नाही. त्या व्यवहाराचं बँक स्टेटमेंट आजच काढून ठेवा. वकील भेटला की आईचा पुरवणी जबाब नोंदवायला सांगा.

एफआयआरची प्रत घेतलीय का? पत्रात उल्लेख नाही. पीडितेला आणि फिर्यादीला ती फुकट मिळते. त्यात फक्त पीटाची कलमं आहेत की १४३ सुद्धा आहे, ते बघा. पीटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा १९५६ चा कायदा. बऱ्याचदा धाडीनंतर ३, ४, ५ एवढी ठरलेली कलमं टाकून मोकळे होतात, म्हणजे जागा चालवली, कमाईवर जगले, मुलगी आणली. कुणी तिला गावातून फसवून आणलं, हा भाग त्यात पुसट होतो. १४३ लागलं तर कमीत कमी सात वर्षं, दहापर्यंत. मामीने एकापेक्षा जास्त मुली आणल्या असतील तर दहापासून जन्मठेपेपर्यंत. नसेल तर ते वाढवायला सांगायचं, आणि त्याला बहिणीचा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब उपयोगी पडतो. वकील मंडळी त्याला अजून एकशेचौसष्टचा जबाब म्हणतात, आता तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १८३ झालाय.

(जाता जाता, या गुन्ह्याला कायद्याच्या मराठीत अपव्यापार म्हणतात आणि पोलिसांच्या पाटीवर अनैतिक मानवी वाहतूक. मला ती पाटी वाचून दर वेळी एसटी स्टँड आठवतो. तुमच्या आईला विचारा, ती सरळ म्हणेल, पोरीला विकलं.)

तिने कुठल्या तरी कागदावर सही केली, त्याने घाबरून जाऊ नका. १४३ खालीच स्पष्टीकरण आहे की अपव्यापार झाला का हे ठरवताना पीडितेची संमती गैरलागू. पीटाच्या पाचव्या कलमातही "संमतीने वा संमतीशिवाय" असंच लिहिलंय. तो कागद बहुधा कर्जाचा असेल. राहण्याखाण्याचे इतके, कपड्यांचे इतके, तुझ्या आईला दिलेले वीस, एवढं फिटल्याशिवाय जायचं नाही, अशा हिशेबाच्या वह्या असतात. पीटाचं सहावं कलम मला त्या अख्ख्या कायद्यातलं सगळ्यात जमिनीवरचं वाटतं. बाईने तिथेच राहावं म्हणून तिचे दागिने, कपडे, पैसे कुणी अडकवून ठेवले, किंवा दिलेले कपडे घेऊन गेलीस तर केस करीन अशी धमकी दिली, तर तिला डांबून ठेवलंय असंच कोर्टाने धरायचं. आणि दिलेल्या वस्तूंच्या किंवा पैशांच्या वसुलीसाठी त्या माणसाला तिच्यावर दावाही लावता येत नाही. बहिणीचा मोबाइल, आधार कार्ड, कानातलं कुणाकडे राहिलंय, हे तिला नाही, तिच्या वकिलामार्फत विचारून घ्या.

तिच्यावर केस होईल का? पीटात उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं वगैरे एक-दोन कलमं बाईवर लागू शकतात, हे खरं. पण लॉजच्या खोलीतून पोलिसांनी सोडवलेली मुलगी त्यांच्याच कागदावर पीडिता असते. देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात आणखी पुढे जाऊन सांगितलंय की स्वतःच्या मर्जीने हे काम करणारी सज्ञान स्त्री धाडीत सापडली तरी तिला अटक, दंड किंवा छळ करायचा नाही. म्हणजे मामीचा मुलगा म्हणतो ते क्षणभर खरं धरलं, ती स्वखुशीने गेली, तरी तिच्यावर काही येत नाही आणि मामीही सुटत नाही. पेपराचंही त्याच आदेशात आहे. धाड, अटक, सुटका यांच्या बातम्यांत या स्त्रियांची ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्यायची. बलात्काराचं कलम लागलं असेल तर नाव छापणाऱ्यालाच दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावात कळणं न कळणं मात्र मामीच्या मुलाच्या तोंडावर आहे, त्याला कायदा पुरा पडत नाही.

आता ती तिथे का अडकलीय. इथे मला तुमच्यापेक्षा जास्त राग येतो.

पीटाच्या सतराव्या कलमात सुटका केलेल्या स्त्रीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. ते चौकशीचा आदेश देतात. वय काय, घर कसं आहे, तिला पाठवलं तर सुरक्षित राहील का. ही चौकशी होईपर्यंत तिला संस्थेत ठेवता येतं, पण त्या आदेशापासून तीन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. तुम्ही म्हणता दीड महिना झाला. मग दोनच शक्यता उरतात. एक तर चौकशी संपून तिला काळजी-संरक्षणाची गरज आहे असा अंतिम आदेश झालाय, जो एक ते तीन वर्षांचा असू शकतो आणि ज्यावर सत्र न्यायालयात अपील करता येतं. किंवा मुदत उलटून गेली आणि कुणी विचारलंच नाही. "कोर्टाची ऑर्डर आणा" म्हणणाऱ्यांना तुम्ही उलट विचारा, ती आत्ता कोणत्या ऑर्डरवर इथे आहे, तारीख काय? वकिलाचा पहिला अर्ज याच्यावरच जाऊ द्या. आणि अंतिम आदेश देण्याआधी तिचं म्हणणं ऐकलं होतं का, तेही रेकॉर्डवरून बघायला सांगा.

मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून सोडवलेल्या तिघींना असंच एका वर्षासाठी संस्थेत पाठवायचा आदेश झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द केला. त्या सज्ञान आहेत, कुठे राहायचं, कुठे जायचं हा त्यांचा मूलभूत हक्क आहे, मर्जीविरुद्ध अडकवून ठेवता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. २०२२ च्या आदेशातही राज्यांना सांगितलंय की अशा गृहांची पाहणी करा आणि मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणं ठरावीक मुदतीत निकाली काढा. वकिलाला हे दोन्ही निकाल सोबत जोडायला सांगा.

एक बारीक गोष्ट. तुमच्याकडून जो अर्ज लिहून घेतील त्यावर "ताबा मिळणेबाबत" असा विषय असेल. जमिनीचा ताबा असतो, म्हशीचा असतो. बावीस वर्षांच्या बाईचा ताबा भावाला कशाला मिळेल? तो अर्ज तिच्या सहीचा हवा, "मला मुक्त करावे" असा. तुम्ही सोबत जोडायचं ते एवढंच, की ती आली तर तिला राहायला घर आहे.

गृहचौकशीला येणाऱ्या परिविक्षा अधिकारी बाईंशी भांडू नका. मुलगी नात्यातल्याच बाईने नेलीय, म्हणून कोर्ट नातेवाइकांकडे डोळे बारीक करून बघतं, आणि ते बरंच आहे. बाई आल्या की शेजारीपाजारी विचारतील. बचत गटाच्या कर्जाची चौकशी आहे म्हणा, मी बऱ्याच घरांना हेच सांगते. तिचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, तिचं नाव असलेलं रेशनकार्ड एका पिशवीत काढून ठेवा. दाखल्यावरची जन्मतारीख खास महत्त्वाची, नाहीतर वयासाठी पुन्हा तपासण्या.

नुकसानभरपाई मिळते, तीही आरोपीला शिक्षा होण्याची वाट न बघता. तोच विधी सेवा वकील अर्ज करेल. मामीच्या लाखाची तिला गरज नाही.

आणि लग्न. तुम्ही "ठरवलंय" असं लिहिलंय. कुणी, कुणाला विचारून? मामीनेही तिचं सगळं ठरवलंच होतं. हे कडू लागेल, पण तुमच्या पत्रात बहिणीला काय हवंय याचं एक वाक्य नाही. ती आली की घाईने तिला कुठे तरी उजवून टाकायची, ही गोष्ट गृहचौकशीत बोलून बसाल तर कोर्ट तिला पाठवणारही नाही, आणि मी न्यायाधीश असते तर मीही पाठवली नसती. कदाचित तिला लगेच गावात यायचं नसेल. पुण्यातच नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहून काही काम करायचं असेल. तसं म्हणाली तर तोही तिचा हक्क आहे, आणि तुम्ही तिच्या बाजूने उभं राहायचं.

पुढच्या भेटीला आईला न्या, तुम्ही बाहेर थांबा. कुठे होतीस, काय झालं, फोन का केला नाहीस, यातलं काही विचारायचं नाही. ते सांगण्यासाठी तिला वकील आहे, समुपदेशक आहे, पुढे कोर्ट आहे, आणि तिथे तिला ते पुन्हा पुन्हा सांगावंच लागणार आहे. जाताना दोन साधे ड्रेस, खोबरेल तेल, पॅड्स आणि तिच्या आवडीचं काही खायचं न्या. बाहेरचं चालतं का ते आधी फोन करून विचारा.

तिने दहा मिनिटांत तुम्हाला एकच प्रश्न विचारला आणि तुम्ही त्याचं उत्तर दिलंत का, ते पत्रात कुठेच नाही. मशीन घरात असेल तर तेल घालून ठेवा, आणि आईला म्हणावं, आत गेल्या गेल्या आधी तेवढं सांग. विकलं असेल तर तेही सांगा, आणि कितीला विकलं तेही.